सात मॅचचा सेंटर हाफ

"बॉम्बे खेळून आलेला जयपाल" असं कुणी म्हटलं की आजबी माझ्या अंगाचा तिळपापड हुतोय. आठ महिनं आन् सात मॅच, एवढीच माझी पगारी फुटबॉलची कारकीर्द. लोकांस्नी वाटतंय, पाय गेला म्हणून संपली. पायाला काय धाड भरल्याली? आज सांगूनच टाकतो.

मी कोल्हापूरच्या चिंचगल्ली तालमीच्या फुटबॉल टीमचा सेंटर हाफ. मैदानाच्या मधोमध उभं ऱ्हायाचं, समोरच्याचा बॉल काढायचा आन् आपल्या फॉरवर्डला द्यायचा. गोल दुसऱ्याचा, धाप आपली. पंच्याहत्तर साली मुंबईच्या एका कंपनीच्या माणसानं माझा खेळ बघितला आन् मला टीममध्ये घेतलं. गल्लीनं हलगी लावून स्टेशनापर्यंत मिरवत नेलं. आई गेल्यावर मला थोरल्या बहिणीनं, पद्माक्कानं वाढवलं. गाडी हलंपर्यंत ती खिडकीतनं शेंगदाण्याचं लाडू आत कोंबत हुती आन् रडत हुती.

मुंबईत कळलं, आपण किती पाण्यात हाय ते. तिथली पोरं बॉल पायात यायच्या आधीच मान वळवून बघायची, पुढं कुणाला द्यायचा. मी बॉल आल्यावर बघायचो, तवर कुणीतरी तो काढून न्यायचं. सातव्या मॅचला हाफ टाइमला मला भाईर बसवलं, ते बसवलंच. गावाकडं धाडल्याल्या पत्रात मात्र मी दर रविवारी खेळत हुतो आन् लोक टाळ्या वाजवत हुती. अक्का ती पत्रं तालमीत वाचायला द्यायची.

पुढच्या वर्षी आमची कंपनी कोल्हापुरात स्पर्धेला आली. चिठ्ठ्या टाकल्या, तर पहिलीच मॅच चिंचगल्लीबरोबर! मॅनेजर म्हणाला, "जयपाल, तुझं गाव आहे. उद्या पहिल्यापासून तूच खेळायचं." दुसरा कुणी असता तर नाचला असता. मी मात्र पळवाट शोधाय लागलो. पत्रातला जयपाल काय लायकीचा हाय, ते सारी गल्ली डोळ्यानं बघणार. मॅचच्या दिवशी सकाळी सरावाला गेलो, बॉलवर पाय ठिवला, मुद्दाम पडलो आन् डावा घोटा धरून बोंबललो.

घंट्याभरात गल्लीत बातमी. आमच्याकडं गल्लीच्या पोरानं गल्लीविरुद्ध बूट घालणं म्हंजे पाप. त्यामुळं झालं काय, लोकांनी वाईट वाटून घ्यायचं सोडून हात जोडलं. "जोतिबानं वाचवलं पोराला," म्हणाली. अक्का हळदीचा लेप घिऊन लॉजवर आली. तिच्या मागनं हंबीरराव वस्ताद. तालमीतलं सगळ्यात जुनं माणूस. कुस्तीत निखळल्यालं हाड चोळून बसवणारं. अक्काला त्यांनी भाईर थांबवलं आन् दार लावलं.

त्यांनी घोटा हातात घेतला. अंगठ्यानं चारी बाजू दाबून बघितल्या. मी "आई गं" म्हणायचो ते सुदिक चुकीच्या जागी. वस्तादांनी पाय खाली ठिवला आन् माझ्याकडं बघत ऱ्हायलं.

"ह्यात काय बी न्हाय."

मी पाय मागं वढला.

"आमच्या विरुद्ध खेळाय नगं म्हणून केलंस व्हय रं?"

अरं, सांगायचं हुतं की तवा! भ्यालो म्हणून सांगायचं हुतं. त्यांनी एक थोबाडीत दिली असती आन् मिटलं असतं. पर मी मान खाली घातली आन् म्हणालो, "व्हय, वस्ताद."

त्या माणसाचं डोळं भरून आलं. "एवढी नोकरी पणाला लावलीस लेका, तालमीसाठी?" म्हणालं. मग दार उघडून भाईर गेलं आन् मॅनेजरला सांगितलं, "शीर सरकल्या. पंधरा दिवस पाय टेकला तर पोरगं जन्माचं लंगडं हुईल." वस्तादांचा शब्द म्हंजे काळ्या दगडावरची रेघ. सत्तर वर्षांत खोटं न बोलल्यालं माणूस माझ्यापायी खोटं बोललं.

मुंबईला मी परत गेलोच न्हाय. कंपनीचा कागद दोनदा आला, दोन्ही चुलीत घातलं. वस्ताद पुढं चार वर्षं हुतं, रोज गाठ पडायची. कबूल कराय माझी जीभ उचलली न्हाय. मुडद्या, एवढं कसं जमलं न्हाय तुला, असं माझं मलाच म्हणतो.

पर खरी लाज त्या संध्याकाळची हाय. चिंचगल्लीनं एका गोलनं मॅच मारली. मिरवणूक निघाली, आन् पुढं कोण? मी! एका बाजूनं तालमीतला बंडू, दुसऱ्या बाजूनं बाळासो, दोघांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत चाललोय. बाया दारात उभ्या राहून मला ओवाळतायत. अक्कानं तर आपल्या हातानं कपाळाला गुलाल लावला. हलगी अशी कडाडली की माझं भानच गेलं. चांगला नाचाय लागलो म्हणा की. भानावर आलो आन् घाईघाईनं परत लंगडाय लागलो.

तवर वस्ताद गर्दीतनं वाट काढत जवळ आलं. पोटच्या पोराला घ्यावं तसं मला कवेत घेतलं आन् कानाला लागून हळूच म्हणालं, "लेका, डावा. डावा पाय दुखतोय तुझा."

मी पाय बदलला.