मशीनवरचे पिवळे तुरे

चाचणीचं नाव काय, तर ‘विज्ञान विचार कौशल्य’! आणि विचार लिहायला अख्ख्या कागदावर बोटभर जागा नाही. चार गोल, त्यातला एक काळा करायचा. असल्या कागदावर आमच्या कर्नाटकातल्या कोगनोळीकडच्या मराठी शाळेतल्या पूर्णिमाची निवासी शाळेतली जागा ठरणार होती. जागा मिळाली नाही तर सातवीनंतर घरी बसायचं, असं तिच्या आप्पांनी बजावलेलं. पोरीची जागा एका मार्कानं गेली.

प्रश्न होता, ‘बी उगवायला कशाची गरज नसते?’ पूर्णिमानं ‘सूर्यप्रकाश’ काळा केला. बरोबरच केला. शिक्षण खात्याच्या उत्तरसूचीत मात्र ‘ऊब’ छापलेलं. मला आधी हसू आलं, मग किळस आली.

‘कशावरून लिहिलंस गं?’ मी विचारलं.

‘टीचर, आमच्या देवघराला खिडकी न्हाय. दारबी आई लावून घेती. तरी नवरात्रात घट उगवतोयच की. पिवळा उगवतो, पर उगवतो.’

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मी खात्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

‘एन माडूदु, टीचर? काय करायचं? उत्तरं वरून आल्यात. पेपर मशीन तपासतंय, मी न्हाय.’

त्यांनी कौतुकानं कोपऱ्यात बोट दाखवलं. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि वर खोवलेले घटातले पिवळेजर्द तुरे.

पूर्णिमा मशीनजवळ गेली. ‘साहेब, हे तुरे कुठले?’

‘आमच्या घरच्या घटातले. प्रसाद हाय, घे एक.’

‘तुमचा घट उन्हात ठेवत्यात?’

‘उन्हात कशाला? देवघरात, आतल्या अंधाऱ्या खोलीत...’

बोलता बोलता ते थांबले. मला वाटलं, आता पेन उचलतील. पण ते पोट हलवत हसले.

‘लई हुशार हाय की पोरगी!’

‘मग मार्क द्या,’ मी म्हणाले.

‘हिला दिला तर सगळ्यांचा निकाल बदलावा लागंल. उगंच वरनं बोलणी कोण खाणार? चहा घ्या.’

हसत हसत त्यांनी तिच्या हातात एक तुरा दिला. चूक कळली नसती तर माणूस अडाणी म्हणून सोडून दिला असता. ह्याला कळली होती, आणि तरी ह्याच्या घशाखाली चहा उतरत होता.

परतीच्या एस्टीत पूर्णिमा तो तुरा बोटांत फिरवत बसली होती. मार्चमध्ये अशीच आणखी एक चाचणी होती, दुसऱ्या निवासी शाळेची. तिची शेवटची संधी.

‘टीचर, म्हंजे पुढच्या येळेला घरात बघितल्यालं लिव्हायचं न्हाय, व्हय?’

‘लिव्ह’ म्हणावं, तर जागा जाणार. माझी मलाच शिसारी आली.

‘न्हाय लिव्हायचं,’ मी म्हणाले.

‘बरं,’ म्हणाली, आणि हातातला तुरा तिनं खिडकीबाहेर टाकून दिला.