ओसरणची उलटी नदी

भावोजींचा पाय मोडला तो एखाद्या डोंगरकड्यावर नव्हे, घरातल्या स्टुलावरून पडून. पंखा पुसायला चढले होते. बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या, दुर्बीण खांद्यावर टाकून दऱ्याखोऱ्या पालथ्या घातलेल्या माणसाला दीड फुटी स्टुलाने आडवं करावं, हे त्यांच्या पायापेक्षा मनालाच जास्त लागलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. तिसऱ्या दिवशी ताईने धाकट्या बहिणीला फोन केला.

"तुझ्या ग्रंथालयातलं एखादं जाडं पुस्तक आण. जितकं जाडं तितकं बरं."

"भावोजी वाचणार?"

"नाही वाचलं तर उशाला घेतील. पण काहीतरी आण बाई. सकाळपासून पडल्या पडल्या मला भाजी कशी चिरायची ते शिकवतायत."

धाकटी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होती. वाचनालयात कोणी कुजबुजलं तरी चष्म्यावरून अशी बघायची की माणसाला स्वतःच्या श्वासाचीही लाज वाटावी. तिने कपाटातली सर्वांत जाड कादंबरीमाला उचलली. ओसरण नावाच्या काल्पनिक जगाची गोष्ट, सहा खंड, लेखिका वारून बरीच वर्षं झालेली. स्वतः तिने त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं. घुबडं बोलतात, राजकन्या तलवारी चालवतात, एवढं मुखपृष्ठावरून कळत होतं आणि तेवढं तिला पुरेसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ती समाचाराला गेली तेव्हा भावोजी पलंगावर बसून होते. मांडीवर पहिला खंड उघडा, हातात भिंग, कानावर पेन्सिल.

"मेहुणीबाई, ही नदी चुकलीय."

"कुठली नदी?"

"शिरवी. दक्षिणेला समुद्राजवळच्या दलदलीत उगम पावते आणि उत्तरेला डोंगरातल्या सरोवराला मिळते. म्हणजे पाणी वर चढतंय! दुसऱ्या खंडात ती नायिका सरोवराकडे नऊ दिवस चढून जाते, धापा टाकते, आणि नदी तिच्या शेजारून आरामात वर निघालीय."

"भावोजी, तिथे घुबडं बोलतात. ते चालतं तुम्हाला?"

"घुबडांतलं मला काय कळतं? उतारातलं कळतं."

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "मी म्हटलं होतं ना, जाडं आण. डोक्याला ताप देणारं आण असं नव्हतं म्हटलं."

"पाचव्या खंडात म्हणे शाप आहे," भावोजी थांबायला तयार नव्हते. "नदीने डोंगराशी बेइमानी केली म्हणून तिला उलटं वाहायचा शाप. पण शाप पाचव्या खंडात आणि नदी पहिल्यापासून उलटी! हे म्हणजे आधी भिंतीला भगदाड पाडायचं आणि मग कागदावर तिथे दार दाखवायचं. लेखिकाबाईंनी हे आधीच ठरवलं होतं की मागाहून सावरलं? यावर आणखी वाचायला काय मिळेल ते बघ. मला पुरावा हवाय."

ग्रंथपालबाई हसत हसत घरी गेल्या. पण कोणी संदर्भ मागावा आणि आपण देऊ नये, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरणचा शब्दकोश आणि नकाशासंग्रह पाठवला. भावोजींनी तो तीन दिवसांत संपवला. नकाशे जास्त सुबक होते, नदी तितकीच उलटी. मग लेखिकेच्या भाषणांचं पुस्तक गेलं. त्यात ओसरणच्या पक्ष्यांवर वीस पानं होती, पाण्यावर एक ओळ नाही.

मग बाईंनी इंटरनेट उघडलं आणि थक्क झाल्या. वाचकांनी मिळून ओसरणचा कोश लिहिला होता, चार हजार नोंदींचा. राजांच्या वंशावळी, चपला-जोड्यांचे प्रकार, कोणत्या खंडात कोण शिंकलं तेसुद्धा. 'शिरवी' या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं: 'नदीचा शाप लेखिकेने सुरुवातीपासूनच योजला होता.' खाली तळटीप, वाचकमंडळाच्या त्रैमासिकाचा अंक चौदावा.

"झालं तर मग," ताई फोनवर म्हणाली. "मिळाला ना पुरावा? सांगून टाक त्यांना."

"असं कसं? मूळ अंक बघायला नको?"

ताईने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. घरात एक होता, आता दोन झाले.

अंक चौदावा दुसऱ्या एका ग्रंथालयातून उसना मागवला. त्यात तेच वाक्य होतं आणि खाली एका प्रबंधाचा हवाला. प्रबंध मागवला. तीनशे पानांचा प्रबंध बाईंनी दुपारचा डबा खाता खाता चाळला, आणि पान दोनशे अकरावर त्यांचा घास हातातच राहिला. तिथेही तेच वाक्य होतं आणि तळटीप होती, वाचकांचा कोश, नोंद 'शिरवी'.

कोश त्रैमासिकाकडे बोट दाखवत होता, त्रैमासिक प्रबंधाकडे, प्रबंध पुन्हा कोशाकडे. उंदराला मांजर साक्ष, आणि मांजराला पुन्हा उंदीर! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वाचनालयात त्या एवढ्या मोठ्याने "शहाणेच आहेत!" म्हणाल्या की चार वाचकांनी माना वर केल्या, आणि त्यातल्या एका आजोबांनी, आयुष्यात एकदाच मिळालेली संधी न दवडता, ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.

आता गोष्ट भावोजींची राहिली नाही. बाईंनी प्रबंधाची आभाराची पानं वाचली. सहसा ती कोणी वाचत नाही. ज्यांचे आभार मानलेले असतात तेवढेच वाचतात. तिथे एका ओळीत लिहिलं होतं, की जुन्या प्रकाशकाचा सगळा पत्रव्यवहार एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात खोक्यांतून ठेवला आहे. प्रबंधकाराने आभार मानले होते, खोकी उघडल्याचं मात्र कुठे दिसत नव्हतं. बाईंनी त्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं. तिथली कर्मचारीही बाईंसारखीच जातिवंत निघाली. बारा दिवसांनी तिचं उत्तर आलं: 'विसाव्या खोक्यात सापडलं. आमच्याकडे हे खोकं आजवर कोणी मागितलेलं नाही.' सोबत पत्राची प्रत.

बाईंनी ते पत्र टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं, एकदा, दोनदा, आणि ग्रंथालय बंद होताच तडक ताईकडे गेल्या. तीन जिने चढून दम लागला होता तरी बसल्या नाहीत.

"ऐका. लेखिकेने आपल्या संपादकाला लिहिलंय, चौथा खंड आल्यावर. 'शिरवी उलटी वाहते हे मला पहिला खंड छापून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. नकाशा आमच्या ह्यांनी काढला आहे. अकरा संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वाकून बसले होते, शेवटी मान आखडली. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की पाणी वर चढत नाही? नव्या आवृत्तीत नकाशा सुधारू असं तुम्ही म्हणता. कृपा करून सुधारू नका. मी पाचव्या खंडात एक शाप घालते. नवऱ्याला चूक दाखवण्यापेक्षा नदीला शाप घालणं सोपं.'"

"म्हणजे माझंच खरं!" भावोजींनी पलंगावर थाप मारली. "मागाहून सावरलं! आणि तो गृहस्थ बघा, नकाशा काढतो आणि उताराचा पत्ता नाही. अरे, पाणी कुठे जाणार एवढंही ज्याला कळत नाही त्याने—"

"ती बाई शहाणी होती," दारात उभी राहून हात पुसत ताई म्हणाली.

"शहाणी कसली? तोंडावर सांगायला हवं होतं."

"हो का?" ताई म्हणाली. "मग मीही सांगते. आपल्या न्हाणीघराचा उतार कोणी काढून दिला होता गवंड्याला?"

"मी. स्वतः पातळी लावून."

"पाणी कुठे जातं त्यातलं?"

"कुठे म्हणजे? मोरीकडे."

"पॅसेजमध्ये जातं. एकोणीस वर्षं रोज सकाळी तुम्ही बाहेर यायच्या आत मी फडकं मारते. पाहुण्यांना सांगते, नळ गळतो म्हणून."

ग्रंथपालबाईंनी हसू दाबायला पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. शेवटी राहवलं नाही.

"भावोजी, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून!"

भावोजी ताईकडे वळले. "एकोणीस वर्षं?" एवढंच म्हणाले. ताई म्हणाली, "त्यात काय एवढं," आणि चहा टाकायला आत गेली. ती आत गेल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता तो.

त्या संध्याकाळी प्रश्न पडला, की हे छापायचं का. भावोजी आता नको म्हणत होते. बिचाऱ्याने अकरा संध्याकाळी खर्ची घातल्या, त्याची कशाला शोभा करायची? पण बाई हटल्या नाहीत. लेखिका आणि तिचा नवरा दोघंही आता हयात नाहीत, पत्र कोणालाही बघायला खुलं आहे, आणि खोटा हवाला तीन ठिकाणी मिरवतोय. "चुकीचा संदर्भ तसाच ठेवून मला झोप लागणार नाही," त्या म्हणाल्या. भावोजींनी मग तक्त्यांसकट चौदा पानं लिहिली. बाईंनी त्यांची दोन केली. एक दुरुस्ती मात्र भावोजींनी आपल्या हाताने केली: जिथे जिथे 'चूक' लिहिलं होतं, तिथे तिथे 'नकाशाकाराचा निर्णय' असं केलं.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी गवंडी बोलावला. यावेळी उतार ताईने दाखवला आणि ते खुर्चीत बसून राहिले, जीभ चावत, पण गप्प.

त्रैमासिकाने टिपण छापलं, दोघांच्या नावाने. पुढच्याच अंकात वाचकांची पाच पत्रं आली. एकाने लिहिलं, शाप हा शाप असतो, त्याला पत्राचा पुरावा लागत नाही. दुसऱ्याने विचारलं होतं, की ज्यांना कल्पनाशक्ती नाही ते ओसरणमध्ये शिरतातच कशाला. तिसरं पत्र तर चार पानांचं होतं आणि त्यात भावोजींना 'तथाकथित भूमापक' म्हटलं होतं.

ताईला वाटलं, आता रागाने घर डोक्यावर घेतील. तर हे फोनवर मेहुणीला आनंदाने ओरडून सांगत होते, "वाचलंस का? तथाकथित! बत्तीस वर्षं नोकरी केली, एकाने कधी माझा अहवाल वाचला नाही. इथे पाच जण भांडायला उभे आहेत! ये लवकर, आणि हो, तो विसाव्या खोक्यातल्या पत्राचा क्रमांक नीट लिहून आण. सगळ्यांना उत्तर द्यायचंय."