बर्फातल्या खुर्च्या

अमेरिकेत लोक चांगल्या वस्तू रस्त्यावर टाकतात आणि ज्याने उचलल्या त्याच्या त्या होतात, हे धर्मराज गजभियेने बायको शिकागोला उतरली त्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं. त्यांचा सोफा असाच आला होता. टेबल तसंच, दिवाही तसाच.

"लाजायचं नाही," तो म्हणाला होता. "इथं डॉक्टरसुद्धा उचलतात. फक्त पार्टीत सांगत नाहीत."

रत्नाला लाजबीज काही वाटली नाही. तिचं दुखणं वेगळं होतं. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या रस्त्यावर वरच्या मजल्यावर घर. नवरा रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, उजाडायच्या आत जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. आणि अख्ख्या मोहल्ल्यात, जाऊन दार वाजवावं अशी एक बाई नाही! नागपूरला इंदोऱ्यात होती तेव्हा घटकाभर एकटं बसायला मिळत नाही म्हणून ती कावायची. इथं दिवसभर रेडिएटरची शिटी ऐकत बसायची. साड्यांच्या दुकानातला गुजराती तिला "बेन" म्हणायचा आणि लगेच भाव सांगायचा. बेकरीतला म्हातारा पाव हातात द्यायचा आणि तोंड फिरवायचा. खालच्या मजल्यावरची म्हातारी तर जिन्यात दिसली की अंगावर येईल असं वाटायचं.

मग एके दिवशी वाण्याकडे, तूरडाळीच्या पोत्यापाशी, मालिनीताई भेटल्या.

"अगंबाई, मराठी!" म्हणत त्यांनी रत्नाचा हातच धरला. "मी मालिनी. आम्ही स्कोकीला असतो. दर रविवारी भाजीला इकडेच येतो. या रविवारी तुझ्याकडे चहाला येऊ का गं? चहा म्हणजे माझा जीव की प्राण!"

रत्ना घरी चालत आली नाही, तरंगत आली.

शनिवारी बर्फ कोसळला. ब्याऐंशी सालच्या त्या जानेवारीत शिकागोने माणसाला माणसात ठेवलं नव्हतं. रविवारी दुपारी धर्मराज दूध आणायला गेला आणि रत्नाने पाहुण्यांच्या नजरेने घराकडे पाहिलं. सोफ्याची स्प्रिंग वर आलेली. त्यावर मालिनीताईंना बसवायचं म्हणजे त्यांना टोचून हाकलण्यासारखंच. तिने खिडकीतून खाली बघितलं आणि तिचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. रस्त्याच्या कडेला, बर्फाच्या दोन ढिगांमधल्या स्वच्छ जागेत, लाल रेक्झिनच्या दोन खुर्च्या. त्यांच्यावर आडवा टाकलेला झाडू.

साडीवर शाल, पायात चपला, अशी ती धावली. दोन्ही खुर्च्या बगलेत मारल्या. झाडू मात्र तिथंच आडवा ठेवला. त्या वस्तूशी आपल्या माणसांचं नातं पुरेसं होऊन गेलंय, असं तिला वाटलं.

"खुर्च्या कुठून आणून राहिली तू?" धर्मराजने दूध ठेवत विचारलं.

"रस्त्यावर होत्या."

"वा! झाली अमेरिकन!"

पाहुणे आले. मालिनीताईंचे यजमान चारुदत्त इंजिनिअर होते आणि ते इंजिनिअर आहेत हे त्यांच्या खोकण्यातूनही कळत होतं.

"काय नशीब बघा, यार! एवढ्या बर्फात अगदी तुमच्या दाराशी पार्किंग! झाडू पडला होता आडवा, दिला फेकून." ते लाल खुर्चीवर ऐसपैस बसले. "हं, तर नागपूर. नागपुरात कुठे?"

"इंदोरा," धर्मराज म्हणाला.

चारुदत्तांची नजर भिंतीवर गेली. तिथं बुद्ध होते आणि शेजारी बाबासाहेब.

"अच्छा," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "अच्छा."

अमेरिकेत जात नसते, असं आपले लोक छातीठोक सांगतात. खरं आहे. विमानतळावर बॅग उघडून ती दाखवावी लागत नाही, एवढंच. कपडे लटकवायच्या आधी ती बाहेर निघते.

"म्हणजे तुम्ही ते... कोट्यातून वगैरे?"

"अमेरिकन व्हिसाला कोटा असतो का, साहेब? मला तर रांगेत उभं केलं होतं."

रत्ना चहा घेऊन आली. आलं, वेलची, सगळं घातलेला. मालिनीताईंनी कपाकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घातले.

"अगं, आज माझा उपास आहे."

"उपासाला चहा चालतो नं, ताई?"

"माझ्या नाही चालत."

रत्ना कप धरून उभी राहिली. हात भाजत होता, पण कप ठेवायचा कुठे हे तिला सुचेना. तेवढ्यात खालून अशी आरोळी आली की खिडकीची काच थरथरली.

सगळे धावत खाली गेले. खालच्या मजल्यावरची म्हातारी, मिसेस नोव्हाक, फावड्याने बर्फ उचलून चारुदत्तांच्या नव्या टोयोटावर टाकत होती. पुढची काच केव्हाच गडप झाली होती.

"मॅडम! रस्ता पब्लिकचा आहे! मी टॅक्स भरतो!" चारुदत्त ओरडले.

"सकाळभर मी ही जागा उपसली! माझ्या कमरेने उपसली!" म्हातारी फावडं नाचवत म्हणाली. "ज्याने उपसली त्याची जागा. खुर्च्या ठेवल्या की खूण झाली. लहान पोरांनाही माहीत आहे इथं! मी गाडी घेऊन चर्चला गेले आणि तू माझ्या खुर्च्या चोरल्यास!"

"मी? चोर? मी सीनियर इंजिनिअर आहे!"

समोरच्या घरांतून लोक डोकावायला लागले. रत्ना गप्प राहिली तर चोरीचा शिक्का बसणार होता चारुदत्तांवर, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभतही होता. एक क्षण तिला मजा वाटली. पण बोलली तर आज मालिनीताई जाणार आणि उद्यापासून या रस्त्यावर तीच चोर ठरणार. मग उरणार कोण?

ती वर गेली आणि दोन्ही खुर्च्या घेऊन खाली आली.

"मी घेतल्या," ती तिच्या बी.ए.च्या इंग्रजीत म्हणाली. "टाकून दिल्यात असं वाटलं. यांचा दोष नाही. चूक माझी."

"बघा!" मालिनीताई मराठीत फुत्कारल्या. "उचलेगिरीच्या खुर्च्यांवर बसवलं आपल्याला! शेवटी संस्कार दिसतातच."

धर्मराज पुढे झाला, पण रत्नाने त्याला हाताने मागे सारलं.

"ताई, खुर्ची मी चुकून उचलली, ती परत केली. तुम्ही चहा नाकारला तो चुकून नाही. आता गाडी काढा. जागा यांची आहे."

चारुदत्तांनी मिसेस नोव्हाककडे फावडं मागितलं. ती फावड्यावर रेलून त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी सीनियर इंजिनिअरांनी दोन्ही हातांनी टोयोटा उकरली, आत बसले आणि बायकोने दार लावायच्या आतच गाडी सुरू केली.

रत्नाने धर्मराजला वर पाठवलं. रस्त्यात ती आणि म्हातारी उरल्या.

"सॉरी," रत्ना म्हणाली.

म्हातारीने तिच्या पायांकडे पाहिलं. "चपला? या बर्फात? तू चोर नाहीस. तू मूर्ख आहेस." आणि खुर्च्या घेऊन ती निघून गेली.

रत्ना त्या रात्री जेवली नाही. धर्मराजने तिला हसवायचा प्रयत्न केला तर उशीत तोंड घातलं. एक मराठी बाई होती, ती गेली. एक शेजारीण होती, तिच्या खुर्च्या चोरल्या. झाला मोहल्ला.

सकाळी दार धडधडलं. मिसेस नोव्हाक फावडं घेऊन उभी.

"पुढच्या पायऱ्या वरच्या मजल्याने साफ करायच्या असतात. आधीचे भाडेकरूही करत नव्हते. आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावत जा, खारी आत शिरतात. दुपारी फावडं आणून दे. माझी बेल बंद आहे, आणि मला कमी ऐकू येतं. लाथ मारायची दाराला."

रत्नाने पायऱ्या उपसल्या. नवऱ्याचे बूट घातले होते, ते पायात खुळखुळत होते. दुपारी ती फावडं घेऊन खालच्या दाराशी गेली. आजूबाजूला बघितलं. मग बुटाच्या टोकाने दाराला हलकेच टोचलं.

आतून आवाज आला, "कोण मांजर आहे का? जोरात मार!"

रत्नाने पदर खोचला आणि लाथ घातली.