पहिला मान साहेबांचा

माझी सून नम्रता आमच्या पडवीत बसून सहाशे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे मोठे कॉम्प्युटर, कंपनीने भाड्याने घेतलेले. कुठल्या गावात आहेत ते तिलाही ठाऊक नाही. मी विचारलं, न बघितलेली गुरं राखतेस काय गो? तर म्हणाली, आई, बघावं लागत नाही, एकदा हुकूम लिहून ठेवला की सगळ्यांची डागडुजी आपोआप होते. आधी एक गट, मग दुसरा. मी चौथी नापास, पण एवढं मला एकदा सांगून कळलं. आमच्या कलमांच्या बागेतल्या गड्यांना चारदा सांगावं लागतं.

पुण्यातल्या तिच्या साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. गावातून काम नीट झालं तर राहा, नाहीतर पुण्याला या. ती गेली की माझी नात राहीही जाणार. मला त्याचं काही नव्हतं. फक्त मग दिवसभर मी बोलायचं कोणाला, एवढाच प्रश्न होता.

मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा नवी दुरुस्ती आली. रविवारी सकाळी सात वाजता ती सगळ्या सर्व्हरना लावायची होती. नम्रताने क्रम लावला. ज्यांच्यावाचून कोणाचं अडत नाही असे पाच आधी. दुरुस्ती लागताना सर्व्हर झोपतो; ते पाच नीट उठले तर पुढचे. न उठले तर हुकूम तिथेच थांबणार. हॉस्पिटलांचे अगदी शेवटी.

शनिवारी साहेबांचा फोन आला. महिपतराव साहेब मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या हेदवीचे. आवाज असा की स्पीकर लावायची गरज नाही, तरी तिने लावला होता. त्यांचं म्हणणं, मोठी गिऱ्हाइकं शेवटी ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान, हॉस्पिटलं पहिली घ्या. नम्रताने दोनदा समजावलं की दुरुस्तीतच खोट असली तर हॉस्पिटलं बंद पडतील. साहेब म्हणाले, खोट कशाला असेल, आणि गावात राहून तुम्ही फार उलट बोलायला लागलात.

मला साहेबांचं पटलं. शिमग्यात देवाची पालखी पहिली आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात येते, मानकरी आम्ही. मानकऱ्याला सोडून ती दुसरीकडे गेली तर वर्षभर गावात कोणी कोणाशी बोलणार नाही. पण साहेबांचा क्रमही चुकलेलाच होता. मी तांदूळ निवडत होते, तिथूनच बोलले.

“साहेब, गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा. मानकरी तुम्ही. तुमचा स्वतःचा सर्व्हर आहे की नाही?”

“आहे ना काकू. ऑफिसची मेल, हजेरी, सगळं त्याच्यावर.”

“मग पहिला मान त्याचा. तुम्हाला सोडून हॉस्पिटलं पुढे गेली तर हेदवीत काय सांगाल?”

साहेब म्हणाले, काकूंना रीत कळते, माझा पहिला घ्या, एकटा. नम्रताने मान खाली घालून ते लगेच लिहून टाकलं.

रविवारी सात वाजता साहेबांच्या सर्व्हरने पहिला मान घेतला आणि जो झोपला तो उठलाच नाही. दुरुस्तीत खोट होतीच. हुकूम तिथेच थांबला. बाकीच्या पाचशे नव्याण्णवांना पत्ताही लागला नाही. हॉस्पिटलांत केसपेपर निघत राहिले. साहेबांचा सर्व्हर जुन्या प्रतीवरून उठवेपर्यंत दुपार झाली.

मग साहेबांचा फोन आला. नम्रताचा हात पुढे जाईना, म्हणून मीच घेतला. सांगितलं, “रागवायचं तर मला रागवा, मान मी दिला होता. पण आधी हॉस्पिटलं घेतली असती तर आता तुम्ही कोणाकोणाला फोन करत असतात, ते सांगा.”

मग त्यांनी नम्रताला द्यायला सांगितलं.

“ह्यापुढे क्रम तुम्ही लावायचा. मला विचारू नका.”

“सर, इथूनच?”

“तिथूनच. माझा सर्व्हर तेवढा मधे कुठेतरी ठेवा.”

नम्रता पदरात तोंड घालून हसली. मला हसू आलं नाही. आपणहून मान सोडणारा माणूस मी ह्या वयात पहिल्यांदा पाहिला, आणि तो आपल्या जिल्ह्यातला निघाला. गावात मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.