सातव्या होलवरचं तळं

मावशीने डोझर बंद केला, चावी पँटच्या खिशात टाकली आणि खिशाची चेन वर ओढली.

"आता खणा तळं," ती म्हणाली. "नखांनी खणा."

समोर क्लबचे अध्यक्ष उभे होते. पांढरे बूट, पांढरी टोपी, आणि जन्मात कुणाचं 'नाही' ऐकलं नसावं असा चेहरा. शेजारी मावशीचा भाचा, नकाशाची गुंडाळी काखेत धरून. या नव्या गोल्फ मैदानाचे नऊच्या नऊ होल त्याने आखले होते, आणि हे त्याचं पहिलंवहिलं काम. त्याने कागदावर रेघ ओढायची आणि त्याच्या आईच्या या धाकट्या बहिणीने डोझरच्या पात्याने ती मातीत उतरवायची, अशी दोघांची जोडी. साइटवर सगळेच तिला मावशी म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा वॉचमनसुद्धा.

भांडण पेटलं होतं सातव्या होलवरून. तो होल म्हणजे भाच्याचा जीव की प्राण. चेंडू मारायची जागा टेकाडावर, पलीकडे झेंडा, आणि मधली जमीन डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली. ज्याच्या मनगटात रग आहे त्याने चेंडू खुशाल उडवत न्यावा. ज्याच्यात नाही, त्याने तो डावीकडच्या चढावर नुसता घरंगळत सोडावा. उतार त्याला वळवून झेंड्याकडे नेतो. तो चढ मावशीने सोळा वेळा मोडला आणि सोळा वेळा पुन्हा केला. दर वेळी पोत्यातले जुने चेंडू सोडायचे, कुठे अडकतात ते बघायचं, मातीला चार शिव्या हासडायच्या आणि परत पातं लावायचं. शेवटी चहावालीने सहज म्हणून एक चेंडू मारला आणि तो झेंड्यापासून चार पावलांवर जाऊन थांबला, तेव्हा भाचा अक्षरशः नाचला होता. आता तिथे गवतही धरलं होतं.

आणि अध्यक्षांना तळं हवं होतं ते नेमकं तिथेच. आडवं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यांच्या माणसांनी सकाळी येऊन खुंट्याही ठोकल्या होत्या.

"मैदान कसं असावं? नाव काढलं तरी लोकांना घाम फुटला पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "इथे तर काय, कुणीही सोम्यागोम्या खेळेल."

"मग खेळू दे की! मैदान खेळायलाच करतात ना? का फ्रेम करून भिंतीवर लावायला?"

अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीतून काठी मागवली आणि चेंडू ठेवला. चेंडूवर पेनाने तीन लाल ठिपके काढलेले होते. दुसऱ्याच्या चेंडूत मिसळू नये म्हणून प्रत्येक खेळाडू अशी आपापली खूण करतो. अध्यक्षांनी फटका मारला. चांगला मारला, खोटं कशाला बोला! चेंडू खुंट्यांवरून पार पलीकडे गेला.

"बघितलंत? पाणी असतं तरी गेला असता."

"आणि ज्याचा नाही जाणार त्याने काय करायचं?"

"त्याने सराव करावा," अध्यक्ष म्हणाले आणि भाच्याकडे वळले. "उद्या सकाळी मी दुसरं मशीन आणतोय. तुम्ही नकाशावर तळं काढायचं आणि सही करायची. नाहीतर सही करणारे छप्पन्न मिळतात."

"बघतो, सर," भाचा म्हणाला.

बघतो, सर! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये भाच्याने डबा उघडलाच नाही. "मावशी, पहिलंच काम आहे गं. हे हातचं गेलं तर पुढे मला कोण दारात उभं करणार?"

"आणि हे राहिलं तर? जन्मभर कुणीही उपटसुंभ येऊन तळं काढ म्हणेल आणि तू मान डोलवशील. ताईने तुला पाठीचा कणा दिला होता, तो कुठे ठेवून आलास?"

"तुला बोलायला काय जातंय?"

"नोकरी जातेय, बाबा. अजून काय जायचं?"

भाच्याने डबा तिच्याकडे सरकवला. मावशी जेवली, पण तिच्या डोक्यात ते तीन लाल ठिपके घोळत होते. कुठे बघितले होते? काम सुटल्यावर तिने चेंडूंचं पोतं ओढलं आणि शेडमधल्या जमिनीवर अख्खं रिकामं केलं. आठ वर्षांपूर्वी याच क्लबच्या जुन्या मैदानावर तळ्यातला गाळ तिने उपसला होता, तेव्हा निघालेले हे चेंडू. गाळ कमी आणि चेंडूच जास्त, अशी गत होती. कुणालाच नको होते म्हणून ती घेऊन आली, आणि आजवर प्रत्येक उतार तिने याच चेंडूंवर तपासला होता. ती ओणवी होऊन बघत बसली. मग एकटीच खो खो हसली.

सकाळी ट्रेलरवर दुसरं मशीन हजर. अध्यक्षांनी हात पुढे केला, "आणा नकाशा."

भाच्याने गुंडाळी उलगडली. नकाशावर तळं नव्हतं.

"मी नाही काढणार, सर." तो मागे सरला नाही. "इथे कुणीही यावं आणि आणलेलाच चेंडू घेऊन हसत घरी जावं, म्हणून हा होल केलाय. तळं करायचं असेल तर मैदानावरून माझं नाव काढा."

मावशीला वाटलं, धावत जाऊन याचा गालगुच्चा घ्यावा.

"नाव ना? आत्ता काढतो," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात मावशीने पोतं आणून त्यांच्या पांढऱ्या बुटांपुढे पालथं केलं. चेंडू गडगडत पसरले. पिवळे पडलेले, शेवाळलेले, आणि जिथे बघावं तिथे तीन लाल ठिपके.

"हे काय?"

"तुमचा सराव. जुन्या तळ्यातला."

ट्रेलरवाला फिस्सकन हसला. अध्यक्ष लालेलाल झाले. काहीतरी जहरी बोलणार तोच त्यांची नजर पायाशी गेली. ते वाकले आणि त्यांनी एक चेंडू उचलला. त्याच्यावर हिरव्या पेनाने एक पान काढलेलं होतं.

"हा कुठे मिळाला?"

"त्याच तळ्यात. अलीकडच्या काठाला," मावशी म्हणाली. "असले पुष्कळ होते, सगळे अलीकडेच. कोण होतं कुणास ठाऊक, पण फटका दर वेळी पाण्यापर्यंत जेमतेम पोचायचा. तेव्हाही मला फार वाईट वाटलं होतं. बिचारं पुन्हा पुन्हा येत होतं."

अध्यक्षांनी अंगठ्याने पानावरचा चिखल पुसला. "माझ्या बायकोचा आहे. नऊ वर्षं झाली तिने खेळ सोडून. गुडघे दुखतात म्हणाली."

"गुडघे!" मावशी म्हणाली.

"आज मशीन उतरवू नका," एवढंच म्हणून अध्यक्ष चेंडू खिशात घालून निघून गेले.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा सोबत बायको होती. पिकल्या केसांची, शिडशिडीत बाई. टेकाड झपाझप चढली. गुडघ्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

"कुठे मारू रे?" तिने भाच्याला विचारलं.

"डावीकडे, चढावर. जोर नको, काकू."

तिने पानाचा चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू बुटका उडाला, खुंट्यांच्या मधेच पडला, रेंगाळत चढावर गेला. "वळ, मेल्या, वळ," मावशी पुटपुटली. चेंडू वळला. उतार धरून घरंगळत थेट झेंड्याजवळ गेला.

बाई खाली उतरली, पार झेंड्यापर्यंत चालत गेली, चेंडू उचलून त्याच्यावरचं पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिथूनच ओरडली, "अहो! या मधे खुंट्या कशाला ठोकल्यात?"

भाच्याने मावशीकडे बघितलं. मावशीने आभाळाकडे.

अध्यक्षांनी टोपी काढून गवतावर ठेवली, खाली गेले आणि वाकून खुंट्या उपटायला लागले. तिसरी खोल गेली होती, हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"जमेल, जमेल," मावशी वरून म्हणाली. "सराव करा."