सुतारकाकांचा तरुण डोळा

बाईंचा धंदा खोटे डोळे बनवण्याचा. ऐकणारा आधी दचकतो, मग हसतो आणि मग हटकून विचारतो, "त्यानं दिसतं का हो?" नाही दिसत. अपघातात नाहीतर आजारात ज्याचा डोळा गेला, त्याच्या खोबणीत उरलेल्या डोळ्याशी हुबेहूब जुळणारा डोळा बसवायचा, एवढंच काम. पण हे 'एवढंच' शिकण्यात अर्धा जन्म जातो. बाई ते वडिलांकडून शिकल्या आणि शिकता शिकता वडिलांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असंही त्यांनी ठरवून टाकलं. ते त्या लपवत नसत. राग नाकावर, जीभ त्याच्याही पुढे, पण हातात ब्रश आला की बाई अशा गप्प होत की घरातल्यांना तेवढाच विसावा.

नवरा फोटोग्राफर. त्याला वेड बॅटऱ्यांचं. खिशात मावणाऱ्या, हातभर लांब, कपाळाला बांधायच्या, सगळ्या. नातेवाईक त्याला तोंडावर 'बॅटरीसाहेब' म्हणत आणि तो ते कौतुक समजे. एकदा त्यानं बोटाएवढ्या दोन बॅटऱ्या भलत्याच महाग आणल्या. म्हणाला, यांच्या उजेडात रंग दिवसाच्या उजेडासारखे खरे दिसतात, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण आहेत यांना. बाई म्हणाल्या, परीक्षेला बसल्या होत्या का? आणि दार आपटून आत गेल्या.

पण बाईंचं घोडं नेमकं रंगापाशीच अडत होतं. खोलीतल्या दिव्याखाली जुळवलेला डोळा माणूस बाहेर उन्हात गेला की भलताच दिसे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक शिरा असतात. बाई त्या लाल रेशमाचे तंतू विंचरून, एकेक चिमट्यानं ठेवून बनवत. साधा पांढरा दिवा ती लाली गिळून टाकी. एक दिवस बाई अशाच वैतागून बसल्या होत्या, तेव्हा नवऱ्यानं शेजारून गुपचूप आपली बॅटरी लावली. शिरा दिसल्या. बुबुळातला मधासारखा तपकिरी दिसला, त्याखालचा हिरवट दिसला. बाईंनी त्याच्या हातातून बॅटरी घेतली ती घेतलीच.

तेव्हापासून रीत ठरून गेली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बॅटरीसाहेब दोन्ही बॅटऱ्या छोट्या स्टँडवर चढवी. उजेड थेट डोळ्यात नाही, पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारायचा आणि तिथून परतलेला मऊ उजेड डोळ्यावर घ्यायचा, म्हणजे बाहुली आकसत नाही आणि माणूस पाणी गाळत नाही. फोटोत रंग खरे उतरावेत म्हणून गालाशी राखाडी कार्ड धरायचं आणि फोटो काढायचा. तो फोटो समोर ठेवून बाई रंगवत. चूक निघत नसे.

अशात एक दिवस सुतारकाका आले. तरुणपणी खिळा उडून त्यांचा डावा डोळा गेला होता आणि तेव्हाचा खोटा डोळा बाईंच्या वडिलांनी बनवला होता. पुढे तो झिजला की वडील नवा करून देत. आताचाही त्यांच्याच हातचा, पण पार खरवडला होता, आतली कातडी चुरचुरत होती. बरोबर काकू होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, सगळ्यांकडे बघून हसणाऱ्या. हिला जरा विसरायला होतं, काका हळूच म्हणाले. काकू त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरून राहिल्या.

फोटो पडद्यावर मोठा करून बघितला आणि बाईंनी कपाळाला हात लावला. काकांच्या खऱ्या डोळ्यात बुबुळाभोवती म्हातारपणाचं राखाडी कडं आलं होतं, तपकिरी विटला होता, पांढरा भाग पिवळसर झाला होता. आणि खोटा डोळा अजून पंचविशीतच! वडिलांनी दर वेळी नवा डोळा आधीच्या डोळ्यावरून केला होता. शेजारी जिवंत नमुना बसलाय, तो बघायचं सोडून नकलेची नक्कल. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, गेलेल्या वडिलांनाही त्यांनी सोडलं नाही.

काका हसून म्हणाले, इतकी वर्षं कुणी हटकलं नाही. बाई म्हणाल्या, लोक भिडेपोटी बोलत नाहीत, मी बोलते. काकांनी मान डोलावली. स्वतः जन्मभर लाकडाच्या जोडात केसाएवढी फट खपवून घेतली नव्हती त्यांनी. नीट जुळवून देते म्हणणाऱ्या माणसाला ते नाही कसं म्हणणार?

नवा डोळा बाईंनी जीव ओतून केला. राखाडी कडं केलं, एका बाजूला ते जरा जाड होतं तेही केलं. बसवायच्या दिवशी काका एकटेच आले होते, काकूंना शेजारणीकडे सोडून. बॅटरीसाहेबानं उजेड लावला, फोटो काढला आणि बायकोला विचारलं, यातला खोटा कुठला? क्षणभर बाईंनाही सांगता येईना. काकांनी आरसा बराच वेळ धरला. दोन्ही डोळे एका वयाचे झाले म्हणाले, आभार मानले आणि गेले. बाई दिवसभर गुणगुणत होत्या. नवऱ्याशी दोन शब्द गोडही बोलल्या.

पुढच्याच आठवड्यात काका परत आले. टोचतोय का, पाणी येतंय का, बाईंनी विचारलं. काकांनी नाही म्हटलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या कडा नीट करत बसले.

"हिनं मला ओळखलं नाही," ते म्हणाले.

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. त्या दिवशी घरी गेले तर शेजारणीकडून परतलेल्या काकूंनी दारात उभं राहून नम्रपणे विचारलं, कोण पाहिजे? घरचे कामाला गेलेत, येतीलच, बसा. पाणी आणून दिलं. संध्याकाळ झाली तशी बेचैन झाल्या, हे अजून कसे आले नाहीत म्हणून खिडकीशी उभ्या राहिल्या. पाहुण्यासमोर रडायचं नाही म्हणून आत जाऊन रडल्या. काकांनी जुना डोळा घालून बघितला, तर लगेच ओळख पटली. पण दोन दिवसांत पापणी सुजली, डॉक्टरांनी झापलं, पुन्हा घातलात तर खोबणीच हातची जाईल म्हणाले. पट्टी बांधून बघितली, तर काकू घाबरून किंचाळल्या. शेवटी बाईंनी दिलेला डोळाच ठेवला. त्यात निदान काकू भीत तरी नव्हत्या.

"ती डावीकडेच का बसते, मला कधी कळलंच नव्हतं," काका म्हणाले. "मला वाटायचं, त्या बाजूनं दिसत नाही म्हणून माझी काळजी घेते. तिकडून मी तिला सापडत होतो. आता ती मला भाऊ म्हणते, बाई. उठता बसता भाऊ. सगळा संसार करून झाल्यावर भाऊ."

बाई उठल्या, मोरीत जाऊन उगीचच ब्रश धुतले आणि डोळे कोरडे करून परत आल्या. जुना डोळा आहे ना तुमच्याकडे, द्या, म्हणाल्या. तसाच करून देते.

म्हणायला सोपं. जुन्या डोळ्यावर इतके ओरखडे की आतलं बुबुळ धुक्यात गेलेलं. बॅटरीसाहेबानं युक्ती केली; पांढऱ्या वाटीत पाणी घेतलं, त्यात डोळा बुडवला आणि बाजूनं उजेड सोडला. पाण्यात ओरखडे विरले, बुबुळ वर आलं. बाईंच्या जिवात जीव आला, पण टिकला नाही. खरा रंग दाखवणारी ती बॅटरी बिचारी प्रामाणिक. डोळा वर्षानुवर्षं वापरून पिवळा पडला होता, तर तिनं पिवळाच दाखवला. पिवळेपणाखाली मूळचा तपकिरी कुठला, लालसर की काळपट, हे तिला कसं ठाऊक असणार? वडिलांकडचे रंगाचे नमुने केव्हाच रद्दीत गेले होते, आणि तेही बाईंनीच आवरताना दिले होते. काकांकडे लग्नाचा फोटो होता, तो काळापांढरा.

बाईंनी अंदाजानं बुबुळांच्या चकत्या रंगवल्या. एक बघावी तर तीच बरोबर वाटे, दुसरी बघावी तर ती. राग राग करून त्यांनी ब्रश टाकला. तेव्हा नवरा म्हणाला, "तो रंग एकाच माणसाला पाठ आहे. तिलाच विचार ना."

बाईंना ते पटेना. स्वतःचा नवरा समोर बसलेला ओळखता येत नाही, ती बाई चकत्यांतून काय निवडणार? आणि नाही जमलं तर काकांची उरलीसुरली आशाही जायची. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

काकू आल्या. काकांच्या हाताला धरून नाही, दोन पावलं अंतर ठेवून, परक्याबरोबर चालावं तशा. खुर्चीवर बसताना भाऊंनी आधी बसावं म्हणून थांबल्या. बाईंनी पांढऱ्या कागदावर चकत्या मांडल्या, बॅटरीसाहेबानं पुठ्ठ्यावरून उजेड सोडला. यातला तुमच्या घरच्यांचा डोळा कसा, सांगाल का, बाईंनी विचारलं. एवढ्या मऊ आवाजात बाई कधी बोलल्याचं नवऱ्याला आठवत नव्हतं.

काकूंनी चकत्या बघितल्या. हसल्या. हा नाही, हा नाही, करत सगळ्याच बाजूला सारल्या. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"उजेड चुकीचा आहे," काकू म्हणाल्या.

बॅटरीसाहेबाला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. पण तो रागावला नाही. कसा हवा, त्यानं विचारलं. काकूंनी हातानं दाखवलं. खालून आणि इकडून. ते दारात बसून रंधा मारायचे, मी चहा घेऊन गेले की मान वर करून बघायचे, तेव्हा अंगणातलं ऊन असं खालून यायचं. बॅटरीसाहेबानं स्टँड काढून टाकला, बॅटरी हातात धरली आणि टेबलाशी गुडघ्यावर बसला. काकू सांगत गेल्या, तो हात हलवत गेला. आणखी खाली. जरा पुढे. अं, आता थांबा.

चकत्या जिवंत झाल्यासारख्या दिसल्या. काकूंनी क्षणाचाही विचार न करता एक उचलली. बाईंनी ती सगळ्यात शेवटी रंगवली होती, जास्तच लाल झाली म्हणून टाकून देणार होत्या. "हे," काकू म्हणाल्या आणि चकती मुठीत घेऊन बसल्या. द्यायला तयार होईनात. उद्या परत देते असं बाईंनी चार वेळा कबूल केलं, तेव्हा कुठे मूठ उघडली.

डोळा तयार होईपर्यंत काही आठवडे गेले. बसवायच्या दिवशी काकूंना बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. आत बाईंनी काकांची पापणी उचलली, डोळा सरकवला. एक डोळा म्हातारा, एक पंचविशीतला. बाईंच्या आजवरच्या कामात एवढी विजोड जोडी झाली नव्हती. त्यांचं त्यांनाच बघवेना आणि तरी त्या बघतच राहिल्या. आरसा देऊ का, त्यांनी विचारलं. काका नको म्हणाले आणि बाहेर गेले.

बाई आणि नवरा दारातच थांबले. बॅटरीसाहेबानं सवयीनं कॅमेरा गळ्यात घातला होता, पण त्याला हात लावला नाही.

काका काकूंच्या समोर उभे राहिले. काकूंनी वर बघितलं. मग काकू उठल्या, काकांच्या डाव्या बाजूला आल्या आणि त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरलं.

"अहो, किती उशीर," त्या म्हणाल्या. "निरोप तरी पाठवायचा."

काकांनी नुसती मान हलवली. काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ते भाऊ गेले का हो?"

"कोण भाऊ?"

"तुम्ही नव्हतात ना, तेव्हा घरी होते ते. फार भला माणूस. माझे केस विंचरून द्यायचे. मी रडले की गप्प बसून राहायचे जवळ, पण कधी अंगाला हात लावला नाही. एक दिवसही रागावले नाहीत." काकूंना एकदम आठवल्यासारखं झालं. "त्यांना जेवायला घालून तरी पाठवलंत का? त्यांचं कुणीच नव्हतं वाटतं."

"पाठवलं," काका म्हणाले. "जेवून गेला."

काकूंचं समाधान झालं. त्या बाही ओढून घरी चला म्हणू लागल्या. काकांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण डोळा गेला तरी पाणी जात नाही, ते खोट्याखालूनही येतं. बाई पुढे झाल्या. त्यांनी स्वच्छ रुमाल काकांच्या हातात दिला आणि काकांना गेली कित्येक वर्षं पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगितली.

"नाकाच्या बाजूला पुसा, काका. बाहेरच्या बाजूला पुसलं तर डोळा फिरतो."

काकांनी नाकाच्या बाजूला पुसलं.