दौलत परबांचा गुडघा

“उठायचं नाही, दौलतदादा. साहेबांनी विचारलं की दुखणं सगळं सांगायचं,” मी तिसऱ्यांदा बजावलं.

“कळलं रे, विनीत. शाळेत घालतोस काय मला?”

लष्करी इस्पितळाच्या बाकावर आम्ही सकाळपासून बसलो होतो. फेरतपासणीचा अर्ज मीच लिहिला होता. माझ्या कोर्टातल्या कारकुनीचा शेजाऱ्याला तेवढाच उपयोग. दादा पलटणीत नाईकाच्या हुद्द्यावर असताना सीमेवर गाडी उलटून त्याचा गुडघा गेला, तेव्हा लष्कराच्या डॉक्टरांनी वीस टक्के अपंगत्व लिहिलं होतं. आता त्याला धड जिना उतरता येत नव्हता. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तो आठ महिने अडकून पडला होता. टक्के वाढले तर पेन्शन वाढणार होती आणि तळमजल्यावरची खोली भाड्याने घेता येणार होती. लक्ष्मीवहिनींनी ती बघूनही ठेवली होती.

त्याच वहिनींनी त्याला पदकं लावलेला ब्लेझर घालू दिला, याचा मला राग आला होता. इतका ताठ माणूस लंगडा कुणाला वाटेल?

नाव पुकारलं. मी त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं. तपासणारे डॉक्टर, त्याच्या मुलाच्या वयाचे कर्नलसाहेब, आत आले आणि दादा ताडकन उठला. काठी खाली पडली, टाचा जुळल्या. गुडघा कट्‌कन वाजलेला मला दाराशी ऐकू आला.

“कोई तकलीफ, नाईक?”

“कोई तकलीफ नहीं, साब.”

पलटणीत सतरा वर्षं साहेब लोक हेच विचारायचे आणि सगळे जवान हेच उत्तर द्यायचे. मी मध्ये बोलायला गेलो, तर मला बाहेर काढलं. गुडघा वाकवून बघताना त्याने हूं की चूं केलं नाही म्हणे. सही घेताना कारकुनाने आकडा दाखवला. वीसच.

मला इतका संताप आला, की टॅक्सीत मी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.

चाळीचा जिना तो पाठमोरा, बसून, एकेक पायरी चढत होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत वहिनी खाली आल्या. आमची तोंडं बघून त्यांनी टक्के विचारलेच नाहीत.

“खूप दुखता?”

“खूप दुखता गो,” दादा म्हणाला. “उभ्यान दुखता, बसान दुखता. जिनो तर चढवतच नाय.”

मी अर्जात लिहिलेलं सगळं त्याने त्यांना ओळीने सांगितलं. वहिनी काठी मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. अजून एक मजला बाकी होता.